रक्त काढणाऱ्या बाईची गाणी

अकोला स्टेशनच्या फलाटावर बाबांची अख्खी गायन पार्टी मला निरोप द्यायला आली होती. गुलाबकाकांनी तर ढोलकी गळ्यात अडकवूनच आणली. गाडीला उशीर होता. काकांनी ढोलकीवर थाप मारली आणि सगळे बाबांकडे बघू लागले. जिल्ह्यात कुठंही जयंतीचा कार्यक्रम असो, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज होता त्यांचा. पण त्या दिवशी बाबा नुसते मान हलवून म्हणाले, "नाही रे गुलाब. आज आवाज लागत नाही." मग मला म्हणाले, "तिकडे गप्प नको बसू. समजलं नाही तं विचार. इंग्रजी चुकली तं चुकू दे."

आई बॅगांच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. तिनं एवढंच सांगितलं, "लोनचं सांडलं तं कपडे लगेच धुऊन घेजो."

हे मी अकोल्यात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या बॅगा बांधून निघालेल्यांसाठीही. मी सोल नावाच्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेल्या प्रकारातली गाणी गाते आणि लिहिते. आमच्या वस्तीतली एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालेली करुणा कॅनडात जाऊन हे काय करून बसली, असं पुष्कळ जण विचारतात. कसं झालं ते मलाही नीट लावून बघायचं आहे.

बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. दिवसभर गाडीखाली आडवं पडून पाने फिरवता फिरवता त्यांना ओळी सुचायच्या. संध्याकाळी घरी आले की हात धुऊन पेटी काढायचे आणि तालीम सुरू व्हायची. मी कोरसवाल्यांच्या मागे बसून प्रश्न विचारायची. ही ओळ दोनदा का म्हणता? इथं आवाज का चढवता? बाबा मला 'चौकशी खिडकी' म्हणायचे, बसस्टँडवर असते तशी. पण स्टेजवर त्यांनी मला कधी येऊ दिलं नाही. "आधी एमएस्सी कर," म्हणायचे. "गानं कुठं पळून जात नाही." मी अभ्यास केला. मग विनोदचं स्थळ आलं. तो कॅनडातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. लग्न झालं, व्हिसा झाला, आणि मी लंडनला आले.

लंडन म्हटलं की वस्तीत सगळ्यांना राणीचं लंडन वाटायचं. हे ओंटारिओतलं. इथंही थेम्स नावाची नदी आहे, पण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती काठाकाठानं गोठलेली होती. आम्ही एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. खिडकी जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे मला माणसांचे फक्त बूट दिसायचे. बुटांवरून कोण कुठं निघालंय, याचा अंदाज करत मी पहिला हिवाळा काढला. घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसायला शिकले. माझी डिग्री इथं लगेच चालेना. परीक्षा द्यायच्या होत्या. तोवर एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी मिळाली.

रक्त काढताना मी गुणगुणायची, म्हणजे पेशंटचं लक्ष सुईवरून उडावं. सगळ्या चाली बाबांच्या. कोणाला काही कळायचं नाही, आणि कोणी विचारायचंही नाही.

एका सकाळी ॲडलीन आली. सत्तरीची, उंच, काळी, जांभळा कोट, डोक्याला रेशमी स्कार्फ. तिची शीर सापडेना. मी दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, बोटानं चाचपत राहिले आणि नेहमीसारखी गुणगुणू लागले.

"काय गातेयस, हनी?" तिनं विचारलं.

"काही नाही. आमच्याकडचं गाणं."

"देवाचं?"

"नाही. आमच्या लोकांचं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं होतं तुमच्या लोकांना?"

मी सुई हातात धरून थांबले. मी इंडियातली म्हटल्यावर लोकांनी मला करी विचारली होती, योगा विचारला होता. हे कोणी विचारलं नव्हतं. बाहेर रांग होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. माझ्या आजोबांना शाळेत वर्गाच्या बाहेर बसवायचे. मग आम्ही तो धर्मच सोडला, शिकलो, आणि त्याची गाणी केली.

"मग हे सोल आहे," ती म्हणाली.

"सोल म्हणजे?"

"तुझा लंच किती वाजता असतो?"

त्या दुपारी समोरच्या कॉफीच्या दुकानात मी माझी चौकशी खिडकी उघडली. पहिला प्रश्न, तुम्ही मूळच्या कुठल्या?

"हॅलिफॅक्स."

"नाही, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही हॅलिफॅक्स," ती म्हणाली आणि एवढ्या मोठ्यानं हसली की काउंटरवरचा माणूस वळून बघू लागला. तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या तिथल्याच. या देशाला कॅनडा म्हणायला लागायच्या आधीपासूनच्या. तरी तिला आयुष्यभर लोक हाच प्रश्न विचारत आले. तिचे वडील रेल्वेत पोर्टर होते, झोपायच्या डब्यातल्या प्रवाशांची अंथरुणं घालायचे. वीस-बाविशीत ती एका बँडबरोबर माँट्रियलला गेली, मग टोरांटोला. सोल गायची. स्वतः गाणी लिहायची. एक रेकॉर्ड निघाली, तर कंपनीनं कव्हरवर तिचा फोटो घातला नाही. समुद्रकिनाऱ्याचं चित्र छापलं. लोकांनी ते समुद्राचं संगीत असेल असं समजून घेतलं असेल, ती म्हणाली. कंपनी बुडाली, बँड फुटला. मुलं झाली. हॉस्पिटलच्या किचनमध्ये तिनं नोकरी केली, रिटायर झाली. आता रविवारी चर्चमध्ये गायची आणि आठवड्यातून एकदा चर्चच्या बेसमेंटमध्ये शिकवायची. मला म्हणाली, ये.

चर्च म्हटल्यावर मी थोडी बिचकले. बाबांना फोन केला.

"ते धर्म बदल म्हनतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग जाय ना. काहून घाबरतं? अन् ते लोकं गाताना श्वास कुठं घेतात ते पाहून ये. मले सांगजो."

तर मी गेले. पहिल्या दिवशी बाबांचं एक गाणं म्हणून दाखवलं, अगदी आमच्या पार्टीच्या थाटात, वरच्या पट्टीत, मान ताठ. ॲडलीननं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "कोणाला ऐकवतेयस एवढं? मी इथंच बसलेय."

मला तेव्हा ते टोचलं, पण घरी येताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते. बाबांना मैदान भरायचं असायचं. ज्यांचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं त्यांचा आवाज लांब जायलाच हवा होता. ॲडलीनला समोरच्या एका खुर्चीपर्यंतच पोचायचं होतं. पण त्या खुर्चीवरच्या माणसाला हलता येऊ नये, इतकं. दोन्हीकडची दुखणी मला जवळपास सारखी वाटत होती. मग एक गाणं लांब का जातं आणि दुसरं जवळ का येतं? हे कळेपर्यंत मला पाच-सहा हिवाळे लागले, आणि पूर्ण कळलं असं आजही म्हणणार नाही. श्वासाचं मात्र कळलं. ते लोक ओळ संपल्यावर श्वास घेत नाहीत. ओळ दुखते तिथं, शब्द मध्येच तोडून घेतात. बाबांना कळवलं, तर म्हणाले, "बाप्पा! अन् ते चालते?"

मधल्या काळात माझ्या मुलीचा, मैत्रीचा जन्म झाला. मी परीक्षा पास झाले, पण रक्त काढायचं काम सोडलं नाही. मला माणसं दिसायला हवी होती, नुसत्या काचपट्ट्या नकोत. गाणी लिहायचं ॲडलीननंच डोक्यात घातलं. मी प्रेमाबिमावर काहीतरी लिहून नेलं होतं. तिनं विचारलं, "तू दिवसभर काय बोलतेस?"

"काही नाही. मेक अ फिस्ट. नाऊ लेट इट गो."

मूठ आवळा. आता सोडा. मी बोलले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ते माझं पहिलं गाणं. त्यात खुर्चीवर येऊन बसणारी माणसं आहेत. ट्रकवरचा थकलेला ड्रायव्हर, हात थरथरणारी म्हातारी, सुईकडे न बघणारा पोलीस. प्रत्येकाला मी मूठ आवळायला सांगते, मग सोडायला. शेवटच्या कडव्यात एका मराठी ओळीत माझ्या आजोबांची मूठ येते.

या गाण्यानं मला बँड मिळवून दिला, आणि बँडनं ओंटारिओतले सगळे हायवे दाखवले. शनिवार-रविवारी आम्ही विंटर टायर्स लावलेल्या जुन्या व्हॅनमधून हॅमिल्टन, विंडसर, किचनर करायचो. विनोद मैत्रीला सांभाळायचा, वर साउंड सिस्टिम दुरुस्त करून द्यायचा. एका मेळाव्याच्या लोकांनी विचारलं, साडी नेसून जरा इंडियन काही कराल का? मी म्हटलं, साडी नेसते, पण गाणं हेच. त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं.

आपल्या मराठी लोकांच्या एका संमेलनातही गायले. गाणं झाल्यावर एक रिटायर झालेले डॉक्टर कौतुकानं पुढं आले. "आवाज फार छान. शास्त्रीय कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, शास्त्रीय नाही, वडिलांची गायन पार्टी आहे. "अच्छा. आडनाव कळलं नाही." मी आडनाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणत ते चहा घ्यायला गेले. आवाज तोच होता, छानच होता, मग त्या दोन 'अच्छा'मध्ये नेमकं काय बदललं? मी त्यावर एक गाणं लिहिलं. लोक नाचतात त्यावर.

सरे या गावी आपल्या लोकांनी जयंतीला बोलावलं तेव्हा मात्र मी घाबरले होते. व्हँकुव्हरच्या आसपासची सगळी नोकरदार मंडळी, मुलंबाळं, निळे झेंडे, हॉलच्या मागे जेवणाचे ट्रे. त्यांना भीमगीतं हवी होती, ती मी गायले. शेवटी भीत भीत मुठीचं गाणं म्हटलं. इंग्रजी शब्द, अनोळखी चाल. पहिल्या कडव्याला शांतता. दुसऱ्या वेळी 'मेक अ फिस्ट' आलं तेव्हा मागच्या टेबलावरच्या एका बाईंनी मूठ वर केली. मग दुसरी. मग सगळा हॉल. आणि मी 'लेट इट गो' म्हटलं तेव्हा त्या मुठी कशा हळूहळू उघडल्या, ते माझ्याकडून लिहून होणार नाही.

हे सगळं चालू असताना बाबांना मी माझं एकही इंग्रजी गाणं ऐकवलं नव्हतं. ते अर्थ विचारतील, आणि तो फोनवर सांगता येणार नाही, असं वाटायचं.

मग आईचा फोन आला. बाबांचा आवाज बरेच दिवस बसलेला होता. नागपूरला दाखवलं, तर गळ्याचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. मी तिकीट काढलं, पण डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे आणलं. मी पोचायच्या आत ते होणार होतं. आदल्या दिवशी आईनं वॉर्डातून व्हिडिओ कॉल लावून दिला. मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते.

"बाबा, एखादं गाणं म्हणता का?" मी विचारलं. "मी रेकॉर्ड करून घेते."

"माझं काय ऐकतं?" त्यांचा आवाज कापड फाटल्यासारखा येत होता. "समद्या जिल्ह्यानं ऐकलं ते. तुझं मी ऐकलं नाही. तू म्हन."

तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगवर ताल धरून मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "तू समेवर टाळी काहून देत नाही? एक सोडून दोनवर देतं."

"इथं तशीच देतात, बाबा."

"काहून?"

"एकवर गाणं पाय टेकवतं म्हणतात, दोनवर उठतं."

त्यांनी पलंगाच्या दांडीवर बोटं आपटून बघितलं. जमलं तसे डोळे मोठे केले. मग अर्थ विचारला. मी सांगितला.

"पन मूठ सोडा काहून म्हनतं? आपन तं आवळा म्हनतो."

"जास्त वेळ आवळून धरली तर रक्ताचा रिपोर्ट चुकतो. रक्त यायला लागलं की सोडावी लागते."

ते हसले, खोकले, पुन्हा हसले. "हे बरोबर हाय," म्हणाले. "अजून एक डाव म्हन. या खेपी हळू."

बाबांच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं बोलणं. मी नागपूरला पोचले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर जाळीचं कापड. ते श्वास तिथून घ्यायचे. त्यांनी माझा हात धरून माझ्या मनगटावर बोटांनी ताल दिला, दोनवर टाळी.

पुढच्या उन्हाळ्यात मी दोघांना लंडनला आणलं. आता आमचं स्वतःचं घर होतं, आणि बेसमेंटमध्ये माझी तालमीची जागा. बाजूलाच वॉशर-ड्रायर. मी बाबांसाठी पेटी मिळवून ठेवली होती. पहिले काही दिवस त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. दिवसभर खिडकीशी बसून खारी बघत राहायचे. मला त्यांना प्रश्न विचारायची भीती वाटू लागली होती, कारण उत्तर कसं देणार?

एका दुपारी मी वर स्वयंपाकघरात होते. खालून पेटी ऐकू आली. मी जिन्यावर थांबले. बाबा वाजवत होते आणि ओठ हलवत होते. नवीन ओळ असावी, पण आवाज नाही, नुसते ओठ. ते पुन्हा पुन्हा तीच जागा वाजवून थांबायचे, जसं कोणी दार वाजवून वाट बघतं. आई पाठमोरी ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालत होती. तिनं एकदा वळून त्यांच्या ओठांकडे पाहिलं, पुन्हा कपड्यांकडे वळली, आणि ती ओळ म्हटली.

मी आयुष्यात आईला गाताना ऐकलं नव्हतं. खालचा, जाडाभरडा, ओलसर आवाज. दाखवायचं काही नाही. ओळ संपायच्या आत, शब्द तोडून, तिनं श्वास घेतला. बरोबर दुखऱ्या जागी. बाबांनी पेटी थांबवली नाही. पुढची ओळ ओठांनी दिली, तिनं ती घेतली. एका ठिकाणी ते मान हलवून नाही म्हणाले. तिनं तीच जागा वेगळी म्हटली. ते म्हणाले, हां. म्हणजे ओठांनी.

"आई," मी जिन्यावरूनच म्हटलं, "तुला गाता येतं?"

"मंग?" ती टॉवेल झटकत म्हणाली. "तालीम माह्याच घरात होती ना. भाकरी थापता थापता समदे गाने पाठ झाले. पहिले मीच म्हनून पाहत होती, हे मंग बसवत होते."

"कधी बोलली नाहीस!"

"कोनी इचारलं?"

मैत्री शाळेतून येऊन माझ्या मागे उभी होती. "आजी, डू इट अगेन," ती म्हणाली. आईला इंग्रजी येत नाही, पण ते तिला कळलं. तिनं पुन्हा म्हटलं.

मी ॲडलीनला फोन करून बोलावून घेतलं. आता तिला काठी लागते. ती जिना उतरून आली, वॉशरला टेकून ऐकत राहिली. गाणं संपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आईला विचार, हे सगळं तिनं इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं?"

मी विचारलं. आई जरा लाजली. "कुठं ठेवनार? घरातच होतं," म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली.

त्या उन्हाळ्यात आम्ही बेसमेंटमध्येच रेकॉर्डिंग केलं. बाबांच्या नव्या ओळी, आईचा आवाज, मध्ये माझी इंग्रजी कडवी. एका गाण्यात ड्रायरची घरघर आली आहे. बँडवाले म्हणाले काढून टाकू, पण बाबांनी हात हलवून ठेवायला लावली, तालात होती म्हणून. परत जाण्याआधी आईनं इथल्या छोट्या हॉलमध्ये एकदा गायलं. सुती साडी, पदर खोचलेला, हात सरळ. माइक कसा धरायचा ते मी दाखवलं, पण तिनं तो स्टँडवरच राहू दिला. लोक भरले होते. ती फक्त बाबांकडे बघून गायली. पहिल्या रांगेत बसलेली ॲडलीन रडत होती आणि हसतही होती. नंतर मला म्हणाली, मी जे तुला शिकवायला सहा वर्षं घेतली ते ही बाई घरातून शिकून आली. मी तिच्याकडेच आधी जायला हवं होतं.

ते अकोल्याला परत गेले. मी इथं आहे. सकाळी रक्त काढते, शनिवारी गाते. मैत्री मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. तिला आजीची सगळी गाणी येतात, अर्थ मात्र मला विचारते. काही अर्थ मलाही माहीत नसतात. मग आम्ही दोघी अकोल्याला फोन लावतो.

इथं आले तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे जिथलं आपल्याला सगळं माहीत असतं ती जागा. कोणत्या पायरीवर कोण बसतं, कोणाच्या घरातून कसला वास येतो. परदेश म्हणजे जिथं विचारावं लागतं. आता ते उलटं झालंय. लंडनमधल्या बसचे रस्ते, बर्फाचे प्रकार, लोकांच्या शिरा कुठं लपतात, सगळं मला पाठ आहे. आणि अकोल्यातल्या त्या दोन खोल्यांमध्ये काय काय घडत होतं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. ज्या माणसांना विचारायचं अजून संपलेलं नाही ती जिथं आहेत, ते माझं घर. अकोला तर आहेच. हे लंडनही हळूहळू होत चाललंय.

रविवारी सकाळी मी कॉफी घेऊन बसते तेव्हा त्यांची संध्याकाळ असते. आई फोन भिंतीला टेकवून ठेवते आणि त्या आठवड्यात बाबांना सुचलेली ओळ म्हणून दाखवते. बाबा मागे बसून मान डोलावतात किंवा कपाळाला हात लावतात. गेल्या रविवारी तिनं एक ओळ म्हटली. साधी, चुलीजवळच्या उजेडाची. पण चाल बाबांची वाटेना, आणि बाबाही तिच्याकडे वेगळेच बघत होते.

"ही कधी केली बाबांनी?" मी विचारलं.

"त्याहीची नाही," ती म्हणाली. "माही हाय."

मी कप खाली ठेवला. "पुढं? पुढची ओळ काय?"

"पुढची अजून झाली नाही," आई म्हणाली. "थांब, तवा तापला. भाकरी टाकू दे."